हनुवटी वर, रेघ खाली

६ मार्च

भिंगरे,

खोक्यात नेहमीप्रमाणे फ्रेमा आहेत. प्रत्येकीच्या काचेवर माझी खूण आहे. तळाशी कापसात गुंडाळलेले तीन चष्मे सापडतील. ते नवे नाहीत, परत आलेले आहेत. तिन्ही बायफोकल, तिन्हींच्या काचा तुझ्याच वर्कशॉपात घासलेल्या, आणि तिघांचं रडगाणं एकच. लांबचं झकास दिसतं, पण वाचायला घेतलं की अक्षर सापडत नाही. हनुवटी वर करून काचेच्या पार तळातून बघावं लागतं. वाचनालयातल्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, वाचताना मी गुळण्या करत असल्यासारखी दिसते. शेजारचा शिंपी तिथेच उभा होता, तो हसला. मीही हसलो, पण रात्री जेवण गेलं नाही.

हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि मी फोन उचलला की तुझी मामी रेडिओ बारीक करते. म्हणून पत्र. खोकं दुकानातून निघतं, ते तिच्या नजरेला पडत नाही.

चूक तुझी निघावी अशी माझी फार इच्छा होती, खरं सांगतो. पण पट्टी लावून मोजलं. दूरची काच संपून जवळची सुरू होते ती रेघ तू अगदी माझ्या खुणेवर बसवली आहेस. म्हणजे खूणच चुकली. समोरच्या चकचकीत दुकानाचा मालक, ज्याला मी झगमगवाला म्हणतो, तो पुन्हा विचारून गेला, दुकान मला देता का. आजवर मी त्याला चहा पाजून वाटेला लावत आलो. या खेपेला मी जूनअखेर सांगतो म्हणालो. चष्मेवाल्याला डोळा कुठे आहे हे कळेनासं झालं, तर त्याने मुकाट्याने शटर ओढावं. मामीकडे यातलं अवाक्षर काढू नकोस.

एक गंमत मात्र सांगतो. मामीचा बायफोकल गेल्याच महिन्यात केला, तो तंतोतंत बसला. ती आडवी पडून वाचते, बसून वाचते, एका शब्दाची तक्रार नाही. तिच्या बाबतीत हात चुकत नाही, यावरून काय ते समज.

तुझा मामा


१२ मार्च

मामा,

तिन्ही चष्मे मशीनवर चढवून पाहिले. नंबर बरोबर आहेत आणि रेघ तुझ्या खुणेवरच आहे. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. हात थरथरत असता तर खूण कधी वर गेली असती, कधी खाली. तुझी दर वेळी खालीच जाते आहे. म्हणजे हाताला दोष देऊ नकोस. दुसरंच काहीतरी आहे आणि ते आपण शोधून काढू.

तोवर मी काय करते, तुझी फ्रेम आली की रेघ गुपचूप जराशी वर चढवते. इथे कुणाला कळणार नाही, तिथे कुणाला कळणार नाही, आणि गिऱ्हाईक खूश.

दुकान द्यायचं असेल तर आधी मला विचारायचं. शाळा सुटली की मी तुझ्या काउंटरखाली बसून चष्म्यांच्या तुटक्या दांड्यांची विमानं करायचे. काचेचं वेड मला तिथे लागलं. ते दुकान झगमगवाल्याने घेऊन तिथे बोलणारा आरसा लावलेला मला चालणार नाही.

तू खूण करताना नेमकं काय काय करतोस ते मला लिही. मला माहीत आहे, पण मला माहीत नाही असं समजून लिही.

तुझी भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

रेघ चढवायची नाही. खूण म्हणजे माझी सही आहे, आणि माझी सही भाचीने गिरवलेली मला आवडणार नाही. असं पुन्हा सुचवलंस तर काचा दुसरीकडून घासून घेईन. घेणार नाही, पण तुला धाक असावा म्हणून लिहिलं.

आता पद्धत. गिऱ्हाईक स्टुलावर, मी समोरच्या स्टुलावर. आमच्या नाकांत वीतभर अंतर. त्याने माझ्या नाकाच्या शेंड्याकडे सरळ बघायचं, मी एक डोळा मिटायचा, आणि त्याच्या खालच्या पापणीच्या रेषेत काचेवर पेनाने खूण करायची. खूण करताना मी त्याला "बघा, सरळ बघा, हलू नका" असं म्हणत राहतो, म्हणजे त्याचं लक्ष भरकटत नाही. हे मी माझ्या उस्तादांकडून शिकलो आणि तुलाही असंच शिकवलं.

स्वतःचे डोळे मी तपासून घेतले, ठीक आहेत. हातही पाहिला, एका झटक्यात सुईत दोरा ओवला. मग खूण खाली जाते ती जाते कशी? परवा शिंप्याचा बायफोकल केला, तोही अचूक आला. तो बिचारा सर्दीने इतका बेजार होता की मधूनमधून शिंकत होता, तरी खूण बरोबर. म्हणजे मामी आणि शिंपी. आता मामीचं मी समजू शकतो. पण शिंप्यावर माझं एवढं प्रेम कधी जडलं?

मामा


२४ मार्च

मामा,

एक काम कर. पुढचं गिऱ्हाईक आलं की काचेकडे बघू नकोस, त्याच्या हनुवटीकडे बघ. तू लांब असताना ती कुठे आहे, आणि तू वीतभर अंतरावर आल्यावर कुठे जाते, एवढंच बघ आणि कळव.

आणखी एक. दातांच्या डॉक्टरांकडे शेवटचा कधी गेला होतास? सहज विचारते.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरे,

तू हुशार आहेस, आणि ती हुशारी आजोळाकडून आली आहे. हनुवट्या वर जातात. सगळ्यांच्या! मी लांब असलो की माणूस सरळ बसतो, मी पुढे सरकलो की तो मागे सरकतो. गणिताचे एक सर तर मागे जाता जाता भिंतीला टेकले. इतके दिवस मी काचेतच डोकं घालून बसलो होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कारणही मी शोधून काढलं. लोक पेनाला घाबरतात. डोळ्यापाशी टोकदार वस्तू आली की माणूस मागे हटणारच. लगेच मऊ टोकाचं जाडं पेन आणलं. तरी हनुवट्या वरच. मग वाटलं, वातावरण जरा हलकंफुलकं ठेवावं. खूण करता करता मी विनोद सांगायला लागलो. त्याने प्रकरण आणखी चिघळलं. वाचनालयातल्या बाई चष्मा दुरुस्त करायला पुन्हा आल्या होत्या, त्यांना मी माकडाची मोठी गोष्ट सांगायला घेतली, तर त्या स्टुलावरून मागे कलंडता कलंडता वाचल्या. आता म्हातारा चष्मेवाला डोळ्याजवळ आला की लोकांना धडकी भरते, दुसरं काय. वयाला औषध नाही.

दातांचं का विचारलंस? दात ठणठणीत आहेत. झगमगवाला कालही हात हलवून गेला.

मामा


७ एप्रिल

मामा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. पहिल्यात नुसतं हवापाणी होतं, दुसऱ्यात मी नुसतीच तुझी माफी मागत होते. आता सरळ लिहिते, आणि तू बसून वाच.

तुझ्या तोंडाला वास येतो. लोक पेनाला घाबरत नाहीत, वयालाही नाही. तू वीतभर अंतरावर येऊन "बघा, सरळ बघा" म्हणतोस, तेव्हा ते श्वास रोखतात आणि मान मागे नेतात. मान मागे गेली की हनुवटी वर येते आणि नजर काचेच्या खालच्या भागातून जायला लागते. तू इमानाने तिथेच खूण करतोस. माणूस घरी जाऊन सरळ बसला की रेघ खाली राहते. तुझी खूण चुकत नाही, समोरचा माणूस वाकडा बसलेला असतो. शिंप्याचं नाक चोंदलेलं होतं म्हणून तो सरळ बसला. मामीचा चष्मा का जमला ते मला विचारू नकोस. मागच्या खेपेला तू माझ्या चष्म्याची दांडी बसवून दिलीस तेव्हा मीही मान मागे घेतली होती. मला वाटलं, कच्चा कांदा खाऊन आला असशील.

तुला वाईट वाटेल, आणि हे लिहिताना मलाही वाटतं आहे. पण हे बरं होण्यातलं आहे, आणि दुकान द्यायचं काहीएक कारण नाही. मात्र आधी डॉक्टरांकडे जा. बाटल्या विकत घेत सुटू नकोस. मी तुला ओळखते.

तुझीच भिंगरी


३ मे

भिंगरे,

मधे दोन खोकी आली ती नुसत्या फ्रेमांची, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. रागावलो होतो. अजूनही थोडा आहे, तो पत्राच्या शेवटापर्यंत जाईल.

तुझं पत्र वाचून तडक घरी गेलो. मामी भाजी चिरत होती. तिला विचारलं, माझ्या तोंडाला वास येतो का? तिने माझ्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला तर कधी आला नाही." शपथ घे म्हटलं, तर शपथही घेतली. आता तूच सांग, इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या बायकोला येत नाही आणि शंभर कोसांवरच्या भाचीला येतो! त्या रात्री मी अगदी निवांत झोपलो.

सकाळी मनात आलं, आणखी एकाला विचारावं. शिंप्याची सर्दी बरी झाली होती. मी प्रश्न विचारला तेव्हा त्याने गळ्यातली टेप काढली, घडी केली, पंख्याकडे पाहिलं, पुन्हा टेप गळ्यात घातली आणि म्हणाला, "आपली दोस्ती जुनी आहे." बास, एवढंच. कळायचं ते कळलं. मी दुकानात येऊन आरशासमोर बसलो आणि मला इतकी लाज वाटली की दुपारपर्यंत कुणाशी तोंड उघडून बोललो नाही. आजवर किती माणसांच्या नाकाशी नाक लावून बसलो असेन ते आठवत राहिलं.

मग सरळ औषधाच्या दुकानात गेलो आणि चूळ भरायच्या तीन बाटल्या घेतल्या. हो, घेतल्या. हिरवी भरली की डोळ्यांतून पाणी येतं. निळीत पुदिना आहे, ती थेट मेंदूत जाते. जांभळी कुठल्या फळाची आहे ते तिलाच ठाऊक. गिऱ्हाईक दारात दिसलं की मी मागच्या खोलीत पळतो आणि चूळ भरतो. बाटलीवर लिहिलंय, अर्धा मिनिट तोंडात धरा. परवा वाचनालयातल्या बाई मागोमाग आत आल्या. माझे दोन्ही गाल फुगलेले, बाई घरची चौकशी करताहेत आणि मी मान हलवतोय. शेवटी गिळून टाकलं. गिळू नका असंही त्यावर लिहिलेलं आहे.

गुण किती? चूळ भरल्याबरोबर हनुवट्या खाली येतात, हे मान्य. पण घटकाभराने तोंड सुकून कोरडं पडतं आणि मग हनुवट्या आधीपेक्षाही वर. म्हणून मी पुन्हा चूळ भरतो. दिवसभर हेच चाललंय. जिभेला जेवणाची चव लागत नाही. घरी मामी विचारते, हल्ली तुझे ओठ का फुटलेत?

डॉक्टरकडे गेलो नाही, त्याचं कारण आता सांगतो आणि ते तुझ्यामाझ्यातच राहू दे. खाली उजवीकडे माझे तीन दात खोटे आहेत. छोटीशी कवळी आहे. मामी बहिणीकडे राहायला गेली होती तेव्हा बसवून घेतली. मामीचा भाऊ आमच्याकडे राहायला यायचा आणि रात्री दात पेल्यात ठेवायचा. ते बघून ही पोट धरधरून हसायची आणि नंतर म्हणायची, असलं काही आपल्या घरात नको बाई. म्हणून मी ती कधी काढत नाही. रात्रीसुद्धा नाही. सकाळी वरूनच ब्रश फिरवतो. डॉक्टर म्हणजे कवळीची गोष्ट निघणार, औषधं घरी येणार, आणि मामी विचारणार.

जूनअखेर जवळ येते आहे. जमलं तर ठीक, नाहीतर झगमगवाला आहेच.

मामा


८ मे

मामा,

आधी मी खूप हसले, मग डोक्याला हात लावला. कवळी बसवल्यापासून ती तू रात्री काढलेली नाहीस! मग हनुवट्या वर का जातात म्हणून पेन काय बदलतोस आणि विनोद काय सांगतोस? तिच्याखाली रोजचं अन्न अडकतं आणि तिथेच राहतं. तुझी हिरवी, निळी, जांभळी चूळ तिच्यावरून वाहून जाते. तूच मला शिकवलंस, काच आधी पुसायची, पॉलिश नंतर. इथे तू मळलेल्या काचेवर दिवसातून दहादा पॉलिश मारतो आहेस. त्यात या चुळांमध्ये स्पिरिट असतं. त्याने तोंड सुकतं, आणि सुकलेल्या तोंडाला वास जास्त येतो. आमच्या वर्कशॉपच्या वर दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांना विचारून लिहिते आहे.

चूळ वाईट नसते, पण ती शेवटची पायरी. आधी कवळी काढून घासायची, रात्री काढूनच झोपायचं, हिरड्या डॉक्टरांकडून साफ करून घ्यायच्या, जीभ घासायची. मग चूळ, तीही डॉक्टर सांगतील ती आणि सांगतील तेवढे दिवस.

आणि मामीला सांग. तिला तू ओळखतोस त्यापेक्षा मी जास्त ओळखते असं म्हणत नाही, पण सांग. तिच्या शपथेबद्दल मी काही बोलणार नाही. तिला वेगळं पत्र टाकते आहे, त्यात तुझ्या दातांचं काहीही नाही.

भिंगरी


८ मे

मामी,

मामाने तुला विचारलं आणि तू म्हणालीस, मला तर कधी आला नाही. शपथ खोटी नाही, मला माहीत आहे. त्या तापानंतर तुला कसलाच वास येत नाही, मग त्याच्या तोंडाचा तरी कुठून येणार? पण तो समजून बसला की वासच नाही.

मागे मी आले होते तेव्हा तू नासलेलं दूध चहात ओतलंस आणि माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं की काहीतरी बिघडलंय. त्या दिवशी तू मला गप्प राहायला सांगितलंस. मामाला कळलं तर तो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसेल, गॅसवर पहारा देईल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी काळजी सांगेल, असं म्हणालीस. मी गप्प राहिले. पण आता ते अंगाशी आलंय. त्याचं दुकान यात अडकलेलं आहे, याहून जास्त मी बोलू शकत नाही, कारण मला दोन्हीकडून तोंड बंद ठेवायला लावलंय आणि माझी पार दमछाक झाली आहे. तू त्याला खरं सांग, एवढंच.

तुझी भिंगरी


२७ मे

भिंगरी बाळ,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ते वाचून उशीखाली ठेवलं आणि ठरवलं, रविवारी सांगायचं. रविवार आला, आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो, आणि रविवार गेला. पुढचाही तसाच गेला. बोलायला तोंड उघडायचे आणि भलतंच काहीतरी बोलायचे.

मग गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत वाचत बसले. हा दुकानातून आला, न्हाणीघरात जाऊन खळखळ करून आला आणि माझ्या शेजारी पेपर घेऊन बसला. आमचं छान चाललं होतं. एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई धाडधाड जिना उतरून आल्या आणि दार ठोकत म्हणाल्या, तुमच्याकडे काय जळतंय? स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर धूरच धूर. दूध आटून गेलेलं आणि पातेलं काळं ठिक्कर. माझं चांगलं जाड बुडाचं पातेलं, गेलं ते.

बाई गेल्यावर हा माझ्यावर चिडला. म्हणाला, तुला वास कसा आला नाही? मी म्हटलं, तुला तरी कुठे आला? तर म्हणतो, माझ्या नाकात नुसता पुदिना भरलाय, मला तासभर दुसरं काही कळत नाही. आणि मग माझ्याकडे बघत राहिला, कारण माझ्या नाकात पुदिना नव्हता. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता ग. मी सांगून टाकलं.

तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, झालं, आता हा माझी कीव करणार. तेच मला नको होतं. पण तो म्हणाला, "मला वाटायचं, तुझ्या बाबतीत माझा हात चुकत नाही. तुला वास येत नव्हता म्हणून तू सरळ बसलीस." इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नाही. तेव्हा मी म्हटलं, "वास आला असता तरी इथेच बसले असते. फार तर खिडकी उघडली असती." मग हसला. हसता हसता काय मनात आलं कोण जाणे, मोरीकडे तोंड करून उभा राहिला आणि तीन दात काढून माझ्या हातावर ठेवले.

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्या दातांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मला जे हसू लोटलं ते आवरेना. त्याला वाटलं, मी भावाला हसायचे तशी हसतेय. मी म्हटलं, अरे, त्याचे तर अख्खे बत्तीस होते, तू तिनासाठी एवढं सोसलंस? मग दुकानाचंही सगळं सांगितलं त्याने. मी रागावले, ते वेगळं. दुकान देऊन हा घरी बसला असता तर दिवसभर करणार काय होता? माझ्या डोक्यावर बसला असता.

आता रोज रात्री त्याचे दात पेल्यात असतात. माझा चांगला काचेचा पेला दिलाय. आणि जे मला नको होतं तेच शेवटी झालं, स्वयंपाकघरात खुर्ची आली. दूध तापत ठेवलं की हा तिथे बसतो आणि "आलं, आलं" म्हणून ओरडतो. पण खुर्ची वाईट नाही. मीही कधीकधी तिच्यावर बसते.

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. बाकीचं तो लिहील.

तुझी मामी


३० जून

भिंगरे,

सगळं रीतसर लिहितो, म्हणजे तू वर्कशॉपात बसून तर्क करत बसणार नाहीस.

डॉक्टरांनी माझ्या तिन्ही बाटल्या टेबलावर ओळीने मांडायला लावल्या आणि विचारलं, एवढ्या कुणासाठी? मामीने माझ्याकडे बोट दाखवलं. हिरड्या साफ करताना मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. कवळी तासून नीट बसवून दिली. थोडे दिवस एका औषधाच्या चुळा दिल्या. त्याने सगळं जेवण पितळेच्या भांड्यात ठेवल्यासारखं लागायचं. मामी म्हणाली, निदान आता दोघांनाही नीटसं काही कळत नाही. ते औषध संपल्यावर बिनस्पिरिटची साधी चूळ, दिवसातून एकदा, झोपताना, आणि तीही जीभ आणि कवळी घासून झाल्यावर. दिवसा तहान लागली की पाणी. एवढंच होतं ग ते.

आता गुण आला की नाही ते कळणार कसं? घरात चालणारं नाक एकच, आणि ते माझं, त्याला माझाच वास येत नाही. मामीचा उपयोग नाही. डॉक्टरांना किंवा शिंप्याला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हनुवट्यांवर भरवसा ठेवला. गणिताचे सर आले. मी वीतभर अंतरावर गेलो, सर हलले नाहीत. दुसरे आले, तेही नाहीत. वाचनालयातल्या बाईंची खूण नव्याने केली, त्या सरळ बसल्या आणि म्हणाल्या, त्या माकडाचं पुढे काय झालं? मी तोंड उघडून पूर्ण गोष्ट सांगितली. त्यांची हनुवटी जागची हलली नाही. त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ एकटाच उभा राहिलो. इतका आनंद झाला होता की समोर कुणी नको होतं.

आज झगमगवाला आला. ठरल्याप्रमाणे, चांगले कपडे घालून. म्हणाला, मग काय ठरलं? तेवढ्यात त्याला फोन आला. नंबर वाचायला त्याने मान अशी काही वर केली की मला आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. त्याचा बायफोकल त्याच्याच दुकानातला, कॅमेऱ्याने माप घेतलेला. मी म्हटलं, बसा. बसतो कशाला म्हणाला, पण बसला. मी समोर बसलो, पेन काढलं आणि पुढे सरकलो.

भिंगरे, त्याच्या तोंडाला वास येत होता. चांगलाच. माझी मान मागे जायला लागली होती. मला सगळं आठवलं, आणि मी मान मागे घेतली नाही. तोही हलला नाही. दोघं सरळ बसलो, मी म्हटलं, बघा, सरळ बघा, आणि खूण केली.

उठताना त्याने पुन्हा विचारलं, दुकानाचं काय? मी म्हटलं, चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल. त्याला कळलं. हसून गेला. चष्म्याबरोबर डॉक्टरांचा पत्ता द्यावा की काय, ते मी आणि मामी अजून ठरवतो आहोत. मामी म्हणते, दे. तिला काय जातंय म्हणायला.

त्याची फ्रेम खोक्यात सगळ्यात वर ठेवली आहे. काचेवर खूण आहे. रेघ वर चढवायची नाही, खाली उतरवायची नाही. मी केली आहे तिथेच बसव.

तुझा मामा